गच्चीवरचा एक कॅन: इंदूरच्या उन्हाळ्यात कॅनमधली वाइन कशी निवडावी, गार करावी आणि प्यावी

इंदूरचा मे महिना दिवसा नकोसा होतो, पण रात्री त्याच्यासारखा दुसरा महिना नाही. दुपारी पारा चाळीसच्या वर. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारलं की आधी फरशीतून वाफ निघते, मग मातीचा वास येतो आणि आठच्या सुमाराला वारा सुटतो. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं जुने लोक म्हणायचे. त्यातल्या 'शब-ए-माळवा'चा अर्थ मला लोकमान्यनगरातल्या आमच्या गच्चीवर कळला. सतरंजी, उशाला लोड, एका ताटात काकडी, एका वाटीत सेव. या वेळेला साजेसं पेय कोणतं, याचा मी गेली काही वर्षं मनापासून शोध घेतला आहे. बिअरने पोट जड होतं, व्हिस्की या हवेत अंगावर येते. वाइनची बाटली उघडली की ७५० मिली संपवायची जबाबदारी येते आणि उरलेली दोन-तीन दिवसांत उतरते. मला जमलं ते कॅनमधल्या वाइनशी. एक छोटा कॅन, दोघांत, जेवणाआधीचा तास-दीड तास.

'दोघांत' हा शब्द मी मुद्दाम आधी लिहिला. हा सगळा लेख त्याच्याभोवती आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. मध्य प्रदेशात मद्य घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. आणि जे पीत नाहीत त्यांनी हा लेख वाचून सुरू करावं असं माझं म्हणणं अजिबात नाही. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे. जे पितात त्यांनी थोडी, समजून आणि चांगली प्यावी, एवढ्यासाठी हे लिहितोय.

कॅन हातात घेतल्यावर आधी वाचायचं काय

कॅन दिसायला कोल्ड्रिंकसारखा, रंगीत, हातात मावणारा. त्यामुळे तो कोल्ड्रिंकसारखाच पिऊन टाकायचा मोह होतो. म्हणून पहिली पायरी डोळ्यांची: आकडे वाचा.

आपल्याकडे कॅनमधली वाइन २०२० च्या सुमारास नीट दिसू लागली. अकलूजच्या फ्रातेल्लीने 'टिल्ट' नावाने २५० मिलीचे कॅन आणले, नाशिकच्या सुलाने 'दिया' ही फेसाळ वाइन ३३० मिलीच्या कॅनमध्ये दिली. इंदूरच्या दुकानात कधी एक मिळतं, कधी दुसरं, कधी परदेशी. नाव कोणतंही असो, कॅनवर मद्याचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतंच. तो आकडा आणि मिलीचा आकडा यांचा गुणाकार करा आणि शंभराने भागा.

२५० मिली, १२ टक्के: म्हणजे ३० मिली शुद्ध अल्कोहोल. आता व्हिस्कीचा ६० मिलीचा मोठा पेग घ्या, ४२.८ टक्क्यांचा. त्यात पावणेसव्वीस मिलीच्या आसपास अल्कोहोल असतं. म्हणजे हा इवलासा कॅन मोठ्या पेगपेक्षा भारी आहे. ३३० मिलीची पाच टक्क्यांची बिअर साडेसोळा मिलीवर थांबते, म्हणजे एक कॅन वाइन ही जवळजवळ दोन छोट्या बिअर. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा खरंच दचकलो, कारण त्याआधीच्या उन्हाळ्यात मी एकट्याने दोन-दोन कॅन 'हलकंच तर आहे' म्हणून संपवले होते आणि सकाळी डोकं का धरतं याचं नवल करत बसलो होतो.

तोच कॅन दोघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला १२५ मिली येते. हॉटेलात वाइनचा एक पेला म्हणून जेवढी ओततात, तेवढीच ही. आकार बरोबर आहे, माणसं दोन हवीत.

दुसरं वाचायचं ते हे, की आत निव्वळ वाइन आहे की वाइनमध्ये रस, साखर, स्वाद घालून केलेलं पेय. दोन्हीला माझी हरकत नाही, पण दोन्ही वेगळी असतात. घटकांची यादी पाहिली की कळतं. साखर किंवा फळांचा स्वाद लिहिला असेल तर ते गोडसर निघणार, फार गार प्यावं लागणार आणि गोडव्यामुळे पटकन संपणार.

तिसरं म्हणजे भरल्याची तारीख, आणि इथे सर्वात जास्त लोक चुकतात. बाटलीतली काही वाइन वर्षानुवर्षं मुरते म्हणून कॅनही ठेवला की सुधारेल असं वाटतं. तो सुधारत नाही. कॅनमधली वाइन ताजी प्यायलाच भरलेली असते. वर्षाच्या आतला कॅन घ्या, सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर फारच उत्तम.

यामागचं कारण कळलं की तारीख पाहायची सवय आपोआप लागते. वाइन आंबट असते आणि आम्लामुळे डब्याचा धातू झिजतो. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात वाइन डब्यात भरायचे प्रयत्न झाले, ते यामुळेच फसले. पुढे डब्याच्या आतल्या बाजूला पातळ प्लास्टिकसारखा थर देण्याचं तंत्र सुधारलं. ऑस्ट्रेलियातल्या बरोक्स कंपनीने १९९६ पासून याच कामावर भर दिला, आणि त्यानंतर कॅनमधली वाइन जगभर रुळली. तरीही वाइन टिकावी म्हणून तिच्यात घातलेला सल्फर डायऑक्साइड हळूहळू त्या थरातून ॲल्युमिनियमपर्यंत पोचतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास तो हाच. कॅन जितका जुना आणि जितका उन्हात राहिलेला, तितकी ही शक्यता जास्त.

कॅन उचलल्यावर बोटांनी एकदा चाचपून घ्या. वरची-खालची कड चेपलेली असेल किंवा कॅन फुगलेला वाटला तर तो परत ठेवा. अंगावरचा किरकोळ पोचा चालतो, कडेवरचा नाही, कारण आतला थर तिथेच फाटतो.

आणायचा कुठून, प्यायचा कुठे

दुकानात बऱ्याचदा बिअर फ्रीजमध्ये आणि वाइनचे कॅन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, गरम. विचारायला लाजू नका: "भैया, फ्रिज में रखा हुआ है क्या? अंदर से दो।" गार ठिकाणी ठेवलेल्या मालाची चव वेगळीच असते. बिल मागून घ्या आणि घरी सांभाळून ठेवा.

आपल्यापैकी अनेकांची नाशिककडे ये-जा असते, म्हणून हे सविस्तर सांगतो. आमचा मेव्हणा नाशिकचा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो गाडीने आला आणि डिकी उघडून म्हणाला, "दाजी, खास तुमच्यासाठी आणलीय, थेट नाशिकची!" चार कॅन होते. सकाळी निघाला तो धुळे, सेंधवा करत दुपारी तीनला पोचला. डिकीत हात घातला तर कॅन चहाच्या कपासारखे तापलेले. रात्री गार करून उघडले, पण वाइन शिजली होती. फळाचा ताजा वास जाऊन उकडलेल्या सफरचंदासारखा, मागे किंचित कडवट वास राहिला. आम्ही चौघांनी घोट-घोट घेऊन ती ओतून दिली. उन्हात उभ्या गाडीची डिकी सहज पन्नास अंशांच्या पुढे जाते. एवढी उष्णता तासभरही वाइनला सोसत नाही, आणि हे तर सात तास होते.

दुसरी बाजू कायद्याची. दारूचा कायदा राज्याराज्याचा वेगळा आहे. महाराष्ट्रात घेतलेली वाइन परवान्याशिवाय सीमेपलीकडे मध्य प्रदेशात आणणं अडचणीचं ठरू शकतं, मग ती चार कॅन का असेना. मेव्हण्याला तेव्हा हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आता तो चिवडा आणतो आणि कॅन आम्ही इथेच घेतो.

कॅन खिशात मावतो म्हणून सहलीला न्यायचा मोह होतो. नेऊ नका. उघड्यावर पिणं हा गुन्हा आहे, आणि पाताळपाणी, चोरल, तिंछा अशा धबधब्यांच्या कडेला दोन घोट घेतलेला पाय कुठे पडेल सांगता येत नाही. उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर या तिन्ही गावांत १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानं आणि बार राज्य सरकारने बंद केले आहेत. अहिल्याबाईंच्या घाटावर बसायचं तर नर्मदेकडे पाहत बसावं, तिथे आणखी काही लागत नाही.

उरलं आपलं घर आणि आपली गच्ची. गच्ची सामाईक असेल तर शेजाऱ्यांना विचारून. घरात वडीलधारी मंडळी असतील तर लपूनछपून नाही. माझ्या आईने पहिल्यांदा कॅन पाहिला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गाडी काढू नकोस आणि मुलांसमोर बडबडू नकोस." दोन्ही अटी मी पाळतो. त्यातल्या गाडीच्या अटीकडे पुढे पुन्हा येतो.

गार करणं: इथे वेळ द्या

कॅनमधल्या वाइनची निम्मी मजा तिच्या तापमानात आहे. कॅनचा सगळ्यात मोठा गुणही हाच, की पातळ ॲल्युमिनियममधून थंडी झटकन आत शिरते. काचेच्या बाटलीला जिथे अर्धा-पाऊण तास लागतो, तिथे कॅन पाव तासात तयार होतो.

किती गार? फेसाळ वाइन सर्वात गार, ५ ते ७ अंश. पांढरी आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, ७ ते १० अंश. हलकी रेड १३ ते १६ अंश. घरातल्या फ्रीजचा मधला कप्पा साधारण ४-५ अंशांवर असतो. म्हणजे दुपारी ठेवलेला फेसाळ कॅन काढला की लगेच उघडायचा, पांढरा काढून पाच-सात मिनिटं थांबायचं आणि रेड वीस मिनिटं बाहेर ठेवायचा.

फ्रीजमध्ये ठेवायचं राहून गेलं आणि पाहुणे दारात उभे असतील तर ही पद्धत. पातेलं घ्या. त्यात ट्रेभर बर्फ, बर्फ बुडेल इतकं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. कॅन गळ्यापर्यंत बुडवा आणि दर मिनिटाला हाताने हळूच फिरवत राहा. नुसत्या बर्फावर कॅन ठेवला तर तो बर्फाला चार ठिकाणीच टेकतो, मध्ये हवाच राहते. पाणी घातलं की कॅनच्या सगळ्या अंगाला थंडी लागते, आणि मिठामुळे ते पाणी शून्याच्या खाली उतरतं. दहा ते पंधरा मिनिटांत कॅन तयार. फेसाळ असेल तर फिरवताना हात हलका ठेवा आणि काढल्यावर दोन मिनिटं उभा करून मगच उघडा. उघडण्याआधी वरचा भाग नळाखाली धुवा. मिठाचं पाणी ओठाला लागलं तर चव बिघडते, शिवाय दुकानातल्या फळीवरची धूळही तिथेच बसलेली असते.

फ्रीझरबद्दल अनुभवाचं सांगतो. पंचवीस मिनिटांपलीकडे नाही, आणि मोबाइलवर गजर लावल्याशिवाय नाही. एका रात्री आयपीएलचा सामना रंगला होता. मी कॅन फ्रीझरमध्ये ठेवला आणि साफ विसरलो. सकाळी बायकोने दार उघडलं तर मटारच्या पिशव्यांवर, बर्फाच्या ट्रेवर, छताला, सगळीकडे गुलाबी बर्फ. उणे सहा अंशांच्या आसपास वाइन गोठू लागते. गोठताना ती फुगते आणि कॅनची शिवण उघडते. तो फ्रीझर पुसायला दीड तास गेला.

रेडसाठी मात्र माझी लाडकी पद्धत आपल्या माळव्याचीच आहे. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला थंड देशातल्या दगडी घरांचा, तिथली खोली सोळा-सतरा अंशांची. इंदूरची मे महिन्यातली खोली चौतीसची. त्या तापमानाला रेड प्यायलात तर नाकात नुसतं स्पिरिट चढतं. सुती फडकं भिजवा, कॅनला गुंडाळा आणि कूलरच्या झोतासमोर ठेवा. आपली दुपारची हवा एवढी कोरडी असते की फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि कॅन बावीस अंशांपर्यंत येतो. माठ गार करतो त्याच न्यायाने. मग साधारण अर्धा तास फ्रीजमध्ये, बस. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, तेव्हा हवेतच पाणी असतं.

पेल्यात ओता

कॅनला तोंड लावून पिऊ नये असा काही नियम नाही. पण वाइनची चव बरीचशी नाकातून येते आणि कॅनच्या छिद्रातून नाकापर्यंत काहीच पोचत नाही. जिभेला तेवढा आंबटपणा कळतो. काचेचा साधा पेला पुरतो, त्यासाठी देठाचा ग्लास लागत नाही. आमच्याकडे जाड बुडाचे सरबताचे जुने पेले आहेत, तेच मी वापरतो. एक-तृतीयांश भरा, म्हणजे वास कोंडायला वर जागा राहते, आणि उरलेला कॅन पुन्हा बर्फाच्या पातेल्यात ठेवा. या हवेत ओतलेली वाइन दहा मिनिटांत कोमट होते, म्हणून थोडी थोडी ओतायची.

ओतल्यावर लगेच अंड्यासारखा किंवा जळक्या काडीसारखा वास आला तर घाबरून फेकू नका. पेला गोल फिरवा, पाच मिनिटं वाऱ्यावर ठेवा. बहुतेक वेळा तो वास उडून जातो. नाहीच गेला तर तांब्याचा स्वच्छ घासलेला चमचा घ्या आणि दहा-पंधरा सेकंद ढवळा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी पेला नाकाशीच धरून बसलो होतो. ढवळण्याआधी गटारासारखा वास, चमचा काढला तर तो गेलेला आणि त्याच्या मागून पेरूचा, लिंबाच्या सालीचा वास हळूच वर येतोय. तांबं त्या सल्फाइडला धरून ठेवतं, एवढंच त्यामागचं रसायन. चमचा मात्र लगेच काढायचा, आणि तांब्याच्या पेल्यात किंवा तांब्यात वाइन कधीही ओतून ठेवायची नाही, कारण आम्लामुळे तांबं पेयात उतरतं. आणि हो, देवघरातली पळी यासाठी घेऊ नका. वेगळा चमचा आणा.

तांब्यानेही वास जात नसेल किंवा शिरक्याचा झणझणीत वास असेल तर ती वाइन मोरीत ओता.

ताटात काय असावं

रिकाम्या पोटी वाइन घ्यायची नाही, हा आमच्याकडचा पक्का शिरस्ता. आणि इंदुरात खाण्याची वाण कशाला? फक्त जोडी जुळवताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, तिखट. अल्कोहोलने मिरचीची आग वाढते आणि रेडमधल्या तुरटपणाने ती आणखी बोचते. लवंग-मिरीची झणझणीत रतलामी सेव आणि रेड वाइन ही जोडी मी एकदाच करून पाहिली. घसा पेटला. तीच सेव गोडसर फेसाळ वाइनबरोबर खाल्ली तर दर घोटाला तोंड स्वच्छ होतं आणि हात पुन्हा वाटीकडे जातो.

दुसरी, तेलकट-खारट. इथे पांढऱ्या वाइनचा आंबटपणा लिंबाचं काम करतो. कोथिंबीर वडी, अळूवडी, छप्पन दुकानवरून आणलेली खोपरा पॅटीस, गरम कचोरी, कशावरही शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ यांसारखी पांढरी वाइन छान लागते. अळूवडीतली चिंच आणि गूळ यांच्याशी तर रोझे अशी जमते की आमच्याकडे श्रावणाआधी दोनदा तरी हा बेत होतोच.

तिसरी, गोड. जेवढी मिठाई गोड, तेवढी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन आंबट लागते. जिलबी, मावाबाटी, आमरस यांच्याबरोबर कॅन उघडू नका. दोन्ही वाया जातील. आमरस पोळीबरोबर खा.

या सगळ्यांत मी पहिला नंबर देतो तो भुट्ट्याच्या किसाला. कोवळं कणीस किसून तुपात जिरं-हिरवी मिरची घालून परतायचं, दूध घालून आटवायचं, वरून लिंबू, खोबरं, कोथिंबीर. मक्याचा गोडवा, दुधाचा मऊपणा आणि शेवटी लिंबू. त्यावर नऊ-दहा अंशांवरची पांढरी वाइन घेतली की मक्याचा स्वाद घशाशी रेंगाळतो. सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, आणायचा असेल तर नऊनंतर जाऊन बांधून आणा आणि घरी गरम करा. तिथल्या गर्दीत कॅन घेऊन उभं राहू नका. ते कुटुंबं फिरायला येण्याचं ठिकाण आहे.

काही करायला वेळच नसेल तर काकडीच्या चकत्यांवर जिरावण, म्हणजे आपला इंदुरी पोह्यांवरचा मसाला, भुरभुरा. दोन मिनिटांचं काम, आणि फेसाळ वाइनबरोबर याच्याइतकं स्वस्त आणि सुंदर दुसरं काही मला सापडलेलं नाही.

पाणी, सोडा आणि उन्हाळ्यातलं पातळ पेय

मद्यामुळे लघवीला जास्त होतं आणि शरीरातलं पाणी कमी होतं. दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला हे लवकर बाधतं. म्हणून बसण्याआधी दोन ग्लास साधं पाणी, आणि वाइनच्या प्रत्येक पेल्यामागे एक ग्लास माठातलं. दुपारी उन्हातून आल्या आल्या कॅन उघडू नका. आधी आंघोळ, पाणी, थोडी विश्रांती. ऊन लागल्यासारखं वाटत असेल, म्हणजे डोकं जड, मळमळ, अंग तापलेलं, तर त्या दिवशी वाइन नाहीच.

फार गरम रात्री मी वाइन पातळ करतो. १०० मिली पांढरी, १०० मिली गार सोडा, लिंबाची एक चकती आणि तळहातावर टाळी देऊन घातलेली चार पुदिन्याची पानं. १२ टक्क्यांची वाइन अशी ६ टक्क्यांवर येते आणि पेला तासभर पुरतो. रोझेमध्ये सोड्याबरोबर अर्धा चमचा कोकम आगळ घातलं तर रंग माणकासारखा येतो. आगळ खारट असतं, अर्ध्या चमच्याच्या पुढे जाऊ नका. कैरीची पातळ फोड पेल्यात टाकली तर ती शेवटी खायला मजा येते. पन्ह्यात मात्र वाइन मिसळू नये, गूळ-वेलचीपुढे वाइनचं काही चालत नाही. पन्हं वेगळं करा, त्याच पेल्यांत ओता आणि न पिणाऱ्यांना द्या. म्हणजे गच्चीवर सगळ्यांच्या हातात सारखाच पेला असतो आणि कुणाला 'तू का घेत नाहीस' हे विचारावं लागत नाही. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी पन्हं घेऊन आमच्यात बसतात आणि गप्पांत सगळ्यांच्या पुढे असतात.

झोपेच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोलसारखी औषधं आणि मधुमेहाच्या काही गोळ्या यांच्याबरोबर मद्य घेणं धोक्याचं आहे. औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात तर थेंबभरही नको.

गाडीचा हिशेब

आता आईची अट. मोटार वाहन कायद्याप्रमाणे रक्ताच्या १०० मिलीमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

पासष्ट किलोच्या पुरुषाने १२ टक्क्यांचा २५० मिलीचा एक कॅन एकट्याने घेतला तर रक्तातलं प्रमाण साधारण ५० ते ६० मिलिग्रॅमपर्यंत चढतं. पंचावन्न किलोच्या बाईचं ७५ च्या आसपास, कारण बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं. दोघंही मर्यादेच्या बरेच वर. शरीर तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवतं, म्हणजे ते शून्यावर यायला चार ते सहा तास. लिंबूपाणी, कॉफी, तोंडावर पाण्याचा हबका, कशानेही ते लवकर उतरत नाही. अर्धा कॅन घेतलेला माणूसही काही वेळ मर्यादेच्या काठावर असू शकतो, म्हणून आमच्याकडे हिशेब करत बसत नाही. ज्याने घोट घेतला त्याने किल्ली हातात घ्यायची नाही. पाहुणे राजेंद्रनगरहून आलेले असोत की विजयनगरहून, ते टॅक्सीने जातात किंवा गच्चीवरच गादी टाकतात. मे महिन्यात गादी टाकणारेच जास्त.

रिकामा कॅन

रात्रीच कॅन विसळून ठेवा, नाहीतर सकाळी मुंग्यांची रांग लागलेली असते. दाबून चपटा करा, कडेने हात कापू नये म्हणून तो पायाखाली घ्या, आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाका. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतं, पण तो ओल्या कचऱ्यात खरकट्याखाली गेला तर वेचणाऱ्याचे हात खराब होतात. आमच्या गल्लीत गाडी सकाळी साडेसातला गाणं वाजवत येते. तोवर गच्चीवरचे पेले खाली आलेले असतात, सतरंजी झटकून झालेली असते, आणि चपटा केलेला तो एकच कॅन सुक्या डब्यात टणकन वाजतो.